रामेश्वरला पहिल्यांदा जाताय? आधी समुद्र, मग विहिरी, मग देव

आमच्या आजीच्या देवघरात तांब्याचा एक छोटा सीलबंद गडू होता, काशीहून आणलेला, गंगाजळाचा. आजी म्हणायची हे पाणी रामेश्वराचं आहे, आपल्याकडे नुसतं ठेवायला दिलंय. आजी गेली, गडू तसाच राहिला, आणि बऱ्याच वर्षांनी आई म्हणाली की आता आपणच नेऊया. अशी आमची पहिली खेप झाली आणि ती फसली. मदुराईहून सकाळी निघायचं आणि रात्री परत, असं एक पॅकेज घेतलं होतं. जाता-येता सात-आठ तास गाडीतच गेले, देवळात पोचलो तर तीर्थस्नानाची रांग मोठी, गाडीवाला म्हणाला वेळ नाही, नुसतं दर्शन घ्या आणि चला. गडू बॅगेतून बाहेरही निघाला नाही. परतताना आई काही बोलली नाही, खिडकीतून समुद्राकडे बघत बसली होती, ते माझ्या डोक्यातून जाईना. पुढच्या वर्षी परत गेलो, दोन रात्री राहिलो आणि सगळं नीट केलं. नंतर मावशीला घेऊन अजून एकदा जाऊन आलो. या तीन खेपांमध्ये जे कळलं ते लिहितोय, म्हणजे तुमची पहिलीच खेप नीट होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. रामेश्वरला किमान एक रात्र राहायचं, जमलं तर दोन. इथलं दर्शन म्हणजे रांगेत उभं राहून दोन मिनिटात बाहेर असं नाही, त्याला एक क्रम आहे. आधी समुद्रात स्नान, मग देवळातल्या बावीस तीर्थांचं स्नान, मग कोरडे कपडे आणि मग देव. हा क्रम घाईत होत नाही आणि केला तर त्यातलं काहीच पोचत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.

कधी जायचं

डिसेंबरचा शेवट ते मार्चची सुरुवात हे सगळ्यात चांगलं. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर म्हणून आपण दिवाळीनंतर निवांत समजतो, पण तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो आणि वादळंही त्याच दिवसांत येतात, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर हवामान बघूनच बुकिंग करा. एप्रिल-मे मध्ये ऊन इतकं असतं की देवळाबाहेरच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. आणि कॅलेंडरमध्ये अमावस्या नक्की बघा. आडी आणि तै या तमिळ महिन्यांच्या आणि महालया अशा तीन अमावस्यांना पितरांचं करायला अक्षरशः अख्खा तमिळनाडू तिथे लोटतो. पितृकार्यासाठीच जाणार असाल तर गोष्ट वेगळी, पण म्हातारी माणसं सोबत असतील तर ते दिवस टाळलेलेच बरे. महाशिवरात्रीचंही तेच.

पोचायचं कसं

तिकीट काढताना रामेश्वरम असं शोधा, नाहीतर आपल्या कोकणातच इतके रामेश्वर आहेत की सर्चमध्ये भलतंच निघतं. हे गाव पांबन नावाच्या बेटावर आहे, तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात. जवळचा मोठा विमानतळ मदुराईचा, तिथून रस्त्याने साधारण १७० किलोमीटर म्हणजे साडेतीन-चार तास धरा. रेल्वेने जायचं तर मुंबई-नागरकोईल गाडी पुणे, सोलापूर करत मदुराईवरून जाते, ती सोयीची. किंवा आधी चेन्नई गाठा आणि तिथून रात्रीच्या गाडीने थेट रामेश्वरम. मदुराईला उतरलात तर मीनाक्षीचं दर्शन घेऊन एक दिवस तिथे काढा आणि दुसऱ्या दिवशी पुढे जा, मोठ्यांना तेवढा आराम लागतोच.

शक्य असेल तर मदुराई ते रामेश्वरम हा टप्पा ट्रेननेच करा आणि दिवसाउजेडी करा. मंडपम हे मुख्य भूमीवरचं शेवटचं स्टेशन, तिथून पुढे गाडी समुद्रावर जाते. जुना पांबन पूल १९१४ सालचा होता, मधला भाग दोन्ही बाजूंनी उघडून जहाजांना वाट द्यायचा. शंभराहून जास्त वर्षं चालला, डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्यावरची वाहतूक थांबवली आणि मग मधली दोन-अडीच वर्षं गाड्या मंडपमलाच संपायच्या. आमची पहिली खेप त्याच काळातली, त्यामुळे रस्त्याने जावं लागलं होतं. आता नवीन पूल झालाय, ६ एप्रिल २०२५ ला म्हणजे रामनवमीला त्याचं उद्घाटन झालं. दोन किलोमीटरहून थोडा लांब, आणि यातला ७२.५ मीटरचा मधला तुकडा लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो. गाडी हळू जाते, दोन्ही खिडक्यांतून फक्त पाणी, आणि आम्ही गेलो तेव्हा बाजूला जुना पूल दिसत होता. डब्यातली सगळी माणसं हात जोडून उभी राहतात. रस्त्याचा पूल वेगळा आहे, १९८८ सालचा, त्यावरून उतरून फोटो काढायचा मोह होतो पण गाड्या भरधाव जात असतात, लहान मुलं असतील तर उतरूच नका.

स्टेशनवरून देऊळ दीड-दोन किलोमीटर, बस स्टँड त्याहून थोडं लांब. रिक्षात बसायच्या आधी पैसे ठरवा, मीटर वगैरे नाही.

राहायचं कुठे

देवळाच्या चारी बाजूंनी चार रथवीथी आहेत, म्हणजे रथ जायचे रस्ते. यातल्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला चालत पाच-सात मिनिटांवर खोली घ्या. लांबचं चकचकीत हॉटेल स्वस्तात मिळतं पण ओल्या कपड्यांनी परत खोलीवर यायचं असतं हे लक्षात ठेवा, ओलेते रिक्षात बसून तीन किलोमीटर जाणं नको वाटतं आणि म्हाताऱ्या माणसांना थंडीही वाजते. देवस्थानची स्वतःची निवासं आहेत, साधी पण देवळाला लागून. मठ आणि धर्मशाळाही पुष्कळ आहेत. खोली घेताना एकच विचारा, पहाटे चार-साडेचारला गरम पाणी मिळेल का आणि कपडे वाळत घालायला गच्ची आहे का. बाकी एसी-बिसी नंतर.

बॅगेत काय हवं

प्रत्येकासाठी ओल्या स्नानाचा एक जोड आणि दर्शनाचा कोरडा जोड, वेगळ्या पिशव्यांत. बायकांनी स्नानाला गडद रंगाचा सुती सलवार-कमीज घालावा, साडी पाण्याने जड होते आणि ओल्या फरशीवर पायात येते, माझी मावशी दोनदा अडखळली. पुरुषांनी दर्शनाला धोतर किंवा साधी लुंगी आणि उपरणं न्यावं, पँट चालते पण हाफ पँट नको. टॉवेल. प्लास्टिकची झिप पिशवी, तिकिटं आणि नोटा ठेवायला, कारण तुम्ही नखशिखांत भिजणार आहात. मोबाइल देवळात नेता येत नाही, बाहेर ठेवायची सोय असते पण सरळ खोलीवरच ठेवून या, आणि हरवलं कोणी तर भेटायची जागा आधीच ठरवा, आम्ही पूर्वेचं गोपुर ठरवलं होतं. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांना जास्त अंतर अनवाणी, दगडावर, ओल्यात चालायचंय हे आधी सांगून ठेवा.

गंगाजळाचा गडू विमानाने नेत असाल तर हातातल्या बॅगेत ठेवू नका. सीलबंद धातूचं भांडं बघून आम्हाला विमानतळावर थांबवलं, उघडून दाखवा म्हणाले, आईच्या डोळ्यात पाणी आलं. शेवटी तो बॅगेत घालून लगेजला दिला. तुम्ही आधीच तसं करा, कापडात नीट गुंडाळून.

पहिली सकाळ

पहाटे पाच-साडेपाचला खोलीतून निघा. देवळाच्या पूर्वेच्या गोपुरासमोर सरळ चालत गेलं की शंभर पावलांवर समुद्र, त्यालाच अग्नितीर्थ म्हणतात. आपल्या कोकणातला समुद्र डोळ्यासमोर ठेवून जाल तर चकित व्हाल, इथे लाटाच नाहीत, तळ्यासारखं शांत पाणी. सूर्य समोरून, पाण्यातून वर येतो. किनाऱ्यावर जागोजागी पितरांसाठी तर्पण चाललेलं असतं, कोणाचे वडील, कोणाची बायको, सगळे शांतपणे बसलेले असतात. त्यांच्यामधून जाताना जरा जपून जा, फोटो काढू नका. पाणी उथळ आहे, कमरेइतक्या पाण्यात जायला बरंच आत चालावं लागतं. पायाखाली बघा, कारण लोक अंगावरचे जुने कपडे समुद्रात सोडून देतात आणि ते पायात अडकतात. हे बघून मला फार वाईट वाटतं. कपडे सोडल्याने काही सुटत नाही, समुद्र मात्र घाण होतो आणि मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्यात ते येतं. तुम्ही तरी करू नका.

स्नान झालं की तसंच ओलेत्याने देवळात. बावीस तीर्थांचं तिकीट काउंटरवर घ्यायचं, आम्ही गेलो तेव्हा माणशी २५ रुपये होतं, बदललं असेल तर बोर्डावर लिहिलेलं असतं. इथे एक महत्त्वाचं. समुद्रावरच तुम्हाला माणसं गाठतील, आम्ही लवकर करून देतो, स्पेशल करून देतो, माणशी इतके द्या. कोणाकोणाकडून हजार-दोन हजार घेतात. तुमच्या मोठ्या ग्रुपला स्वतंत्र माणूस हवा असेल आणि पैसे परवडत असतील तर तो तुमचा निर्णय, पण तिकिटात सगळं होतं, एकही तीर्थ चुकत नाही, हे माहीत असू द्या. आम्ही नुसत्या तिकिटावर गेलो. प्रत्येक विहिरीच्या काठावर एक माणूस उभा असतो, दोरीला छोटी बादली, सरकन खाली सोडतो, वर ओढतो आणि थेट डोक्यावर. इतक्या झटक्यात की श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. सोबत म्हातारं माणूस असेल तर खुणेनं सांगा, ते मग हळूच ओंजळीत किंवा खांद्यावर घालतात, आईला सगळ्यांनी असंच घातलं.

पहिलं महालक्ष्मी तीर्थ. मग सावित्री, गायत्री, सरस्वती, सेतुमाधव, मग गंधमादन, गवाक्ष, गवय, नल, नील. ही नावं ऐकताना लक्षात येतं की रामाच्या वानरसेनेतली मंडळी एकेका विहिरीवर उभी आहेत. मग शंख, चक्र, ब्रह्महत्याविमोचन, सूर्य, चंद्र, मग गंगा, यमुना, गया एकाला लागून एक, मग शिव, सत्यामृत, सर्व, आणि शेवटी कोटितीर्थ. नंबर लिहिलेले असतात, चुकायला होत नाही. गर्दी नसेल तर तास-सव्वा तासात होतं, सुट्टीच्या दिवशी तीन तास लागू शकतात.

एक प्रयोग करून बघा, प्रत्येक ठिकाणी दोन थेंब जिभेवर घ्या. समुद्र शंभर पावलांवर, आणि विहिरीचं पाणी गोडं! एखादं किंचित मचूळ, एखादं गार, एखादं कोमट, प्रत्येक वेगळं. मी घरी येऊन वाचलं, वाळूच्या बेटावर पावसाचं पाणी खाली मुरतं आणि ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर थर धरून राहतं, म्हणून फार खोल न जाता गोडं पाणी लागतं. हे कळल्यावर माझी श्रद्धा कमी झाली नाही, उलट ज्यांनी हे बेट ओळखून बावीस ठिकाणी बरोबर विहिरी खोदल्या त्यांच्याबद्दल आदर वाढला.

कोटितीर्थ झालं की कपडे बदलायचे. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत. देवळात कपडे बदलायच्या जागा आहेत पण तिथे फार गर्दी असते, खोली जवळ असेल तर खोलीवर जाऊन, अंग पुसून, एक कॉफी घेऊन परत या. याचसाठी खोली जवळ घ्या म्हटलं. देऊळ दुपारी एक ते तीन बंद असतं, तेवढं धरून चला.

दर्शन आणि गंगाजळ

इथे दोन लिंगं आहेत हे आधी समजून घ्या, नाहीतर बाहेर आल्यावर कळतं की एक राहिलं. कथा अशी की रावणवधानंतर रामाला शिवपूजा करायची होती, लिंग आणायला मारुतीला पाठवलं, त्याला उशीर झाला, मुहूर्त टळत होता म्हणून सीतेने वाळूचं लिंग केलं आणि त्याचीच पूजा झाली. ते रामलिंग, मुख्य गाभाऱ्यातलं. मारुती लिंग घेऊन आला आणि हिरमुसला. तेव्हा राम म्हणाला, तू आणलेल्या लिंगाची पूजा आधी होईल. म्हणून आजही आधी विश्वलिंगाची पूजा होते, मग रामलिंगाची. तुम्हीही मुख्य गाभाऱ्याच्या उत्तरेला विश्वनाथ आहेत तिथे आधी जा, मग रामनाथस्वामी, मग पर्वतवर्धिनी अंबा. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आणि चार धामांपैकी दक्षिणेचं धाम, ही दोन्ही एकाच ठिकाणी.

गाभाऱ्यात आपण जाऊ शकत नाही, आपल्याकडच्या शंकराच्या देवळांसारखं स्वतः पिंडीवर पाणी घालता येत नाही, हे घरच्या मोठ्यांना आधीच सांगा म्हणजे तिथे हिरमोड होत नाही. शृंगेरी मठाची दीक्षा घेतलेल्या पुजाऱ्यांनाच आत प्रवेश. आणि ऐकून बरं वाटेल, हे पुजारी घराणी परंपरेने महाराष्ट्रीय ब्राह्मणांची आहेत. पिढ्यान् पिढ्या तिकडेच राहून त्यांची बोली बदललीय, पण आम्ही आपसात मराठीत बोलत होतो तेव्हा एका पुजाऱ्यांनी वळून विचारलं, कुठून आलात? आईचा चेहरा काय खुलला सांगू.

गंगाजळासाठी देवस्थानच्या काउंटरवर गंगाभिषेकाचं वेगळं तिकीट घ्यायचं, आणि गडू पुजाऱ्यांच्या हातात द्यायचा. घरून आणलं नसेल तर तिथेही गंगाजळ मिळतं. आमचा गडू इतका जुना की झाकण निघेना. त्यांनी घाई केली नाही, कडेला नेऊन हळूच उघडला आणि आईला दाखवून मग आत नेला. दिव्याच्या उजेडात ती धार पिंडीवर पडताना बाहेरून दिसली. आपल्या नाथमहाराजांनी काशीची कावड घेऊन रामेश्वरला जाताना वाटेत तहानेनं तळमळणाऱ्या गाढवाला ते पाणी पाजलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते पाणी म्हणजे काय होतं, किती महिन्यांची पायपीट, किती लोकांनी सोपवलेलं, हे मला त्या दिवशी तिथे उभं राहून कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला स्फटिकलिंगाचं दर्शन असतं, साधारण तासभरच, त्याचं तिकीट वेगळं. पारदर्शक लिंग, मागे दिवा धरतात. एक रात्र राहायचं म्हणतो त्याचं हेही एक कारण.

आणि बाहेरचा प्राकार, म्हणजे देवळाभोवतीची खांबांची लांब ओवरी, फिरल्याशिवाय निघू नका. १२१२ खांब, दोन्ही बाजूंनी, एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक ठिपक्याएवढं. रामनादच्या म्हणजे रामनाथपुरमच्या सेतुपती राजांनी अठराव्या शतकात तो पुरा केला. सेतुपती म्हणजे सेतूचे राखणदार, आणि यात्रेकरूंना या वाटेवर सुखरूप आणणं-नेणं हे त्यांचं कामच होतं. संध्याकाळी सातनंतर जा, गर्दी ओसरते, थंड दगडावर बसता येतं, रात्री शयनपूजेची घंटा ऐकू येते. आम्ही दीड तास नुसते बसलो होतो.

खाणंपिणं आणि चार शब्द

सकाळी इडली, पोंगल, वडा, फिल्टर कॉफी. दुपारी केळीच्या पानावरचं जेवण, त्याला सापाडु म्हणतात. शेवटचा दहीभात म्हणजे तायिर सादम मागून घ्या, उन्हात पोटाला फार बरा. मोठ्यांना आंबट-तिखट सोसत नसेल तर घरचं मेतकूट आणि पोहे सोबत ठेवा. देवळाजवळ उत्तर भारतीय जेवणही मिळतं, पण तेवढ्यासाठी तमिळ जेवण सोडू नका.

हिंदी देवळाच्या आसपास चालतं, गावात आत गेलं की नाही. तण्णी म्हणजे पाणी, एव्वळवु म्हणजे केवढ्याला, वेण्डाम म्हणजे नको, पोदुम म्हणजे पुरे, कोविल म्हणजे देऊळ. रिक्षावाल्याला अण्णा म्हणा, फुलवालीला अक्का, ही आपलीच नाती आहेत. वेण्डाम हा शब्द हसून म्हणायला शिका, शंख-मोत्यांच्या माळा घेऊन मागे येणारी पोरं लगेच थांबतात.

विकत काय घ्यावं? ताडाचा गूळ घ्या, ताडाच्या पानांच्या टोपल्या घ्या, उन्हाळा असेल तर ताडगोळे खा. पोवळ्याचे दगड, समुद्रातलं कोरल असं काही मात्र घेऊ नका, कोणी तरंगता दगड म्हणून विकत असेल तरीही. कोरल बाळगणं कायद्याने गुन्हा आहे आणि मन्नारच्या आखाताचं आधीच नुकसान झालंय.

धनुष्कोडी, अर्धा दिवस राखून ठेवा

दुसऱ्या दिवशी स्फटिकदर्शन झालं की नाष्टा करून निघा. रिक्षा किंवा गाडी जाऊन-येऊन ठरवा, सरकारी बसही जाते. गावापासून साधारण वीस किलोमीटर. वाटेत कोदंडरामाचं देऊळ लागतं, बिभीषण रामाला शरण आला ती जागा, चहूबाजूंनी पाणी. हिवाळ्यात तिथल्या उथळ पाण्यात फ्लेमिंगो उभे असतात, आम्हाला जानेवारीत दिसले.

पुढे रस्ता एकदम सरळ होतो, डावीकडे एक समुद्र, उजवीकडे दुसरा. डावीकडचा शांत, उजवीकडचा खवळलेला. तिथले कोळी एकाला पेण कडल म्हणतात, बाईसमुद्र, आणि दुसऱ्याला आण कडल, बाप्यासमुद्र. टोकाला अरिचल मुनै, तिथे दोघे मिळतात. तिथून श्रीलंकेचं तलैमन्नार तीस किलोमीटरच्या आत. पाण्यात अजिबात उतरू नका, वरून दिसत नाही पण प्रवाह ओढून नेतो, पोलीस असतात त्यांचं ऐका. संध्याकाळी पाचच्या सुमारास लोकांना मागे फिरवतात, सूर्यास्त तिथे बघू असा प्लॅन करू नका.

टोकाच्या अलीकडे जुनं धनुष्कोडी आहे, तिथे गाडी थांबवून उतराच. इथे एकेकाळी रेल्वे स्टेशन होतं, पोस्ट, चर्च, शाळा. चेन्नईहून बोट मेल यायची, इथून आगबोटीने लोक तलैमन्नारला जायचे, पुढे कोलंबो. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री वादळ आलं. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या तोंडाशी असताना लाटेखाली गेली, आतलं कोणीही वाचलं नाही. गाव संपलं. सरकारने ते राहायला अयोग्य ठरवलं आणि तेव्हापासून ते तसंच आहे, चर्चच्या पोवळ्याच्या दगडांच्या भिंती, पाण्याची टाकी, स्टेशनच्या कमानी. तरीही काही कोळी कुटुंबं झोपड्या बांधून राहतात, वाळूत हाताने खड्डा खणून गोडं पाणी काढतात. तिथे मोठ्याने गाणी लावणारे लोक दिसतात, भिंतींवर नावं कोरलेली दिसतात. किती माणसं गेली तिथे. दोन मिनिटं गप्प उभे राहा, त्या बायकांकडून चहा घ्या.

त्याच वादळाने पांबनचा पूलही मोडला होता आणि तो ४६ दिवसांत परत उभा केला ई. श्रीधरन यांनी, म्हणजे आपल्या कोकण रेल्वेचे तेच श्रीधरन, तेव्हा ते तरुण इंजिनियर होते.

वेळ उरला तर

गंधमादन पर्वत, देवळापासून तीनेक किलोमीटर, टेकडीवर रामाच्या पादुका आणि वरून अख्खं बेट दिसतं. एपीजे अब्दुल कलाम याच गावचे, त्यांचं घर गल्लीत आहे आणि बेटावरच पेईकरुंबू इथे त्यांचं स्मारक, मुलं सोबत असतील तर नक्की. त्यांचे वडील यात्रेकरूंना धनुष्कोडीला नेणारी नाव चालवायचे. विलुंडी तीर्थ, समुद्रात आत गेलेल्या पुलाच्या टोकाला गोड्या पाण्याची विहीर, वीस मिनिटात होतं. पांबनजवळ कुंदुकालला विवेकानंदांचं स्मारक आहे, जानेवारी १८९७ मध्ये परदेशातून परतताना ते तिथे उतरले होते. पंचमुखी मारुतीला तरंगते दगड दाखवतात, आम्ही गेलो होतो, लहानांना आवडतं. गाडी स्वतःची असेल तर परतीच्या वाटेवर रामनाथपुरमजवळ देवीपट्टणमला समुद्रात उभे असलेले नऊ पाषाण, नवग्रह म्हणून पुजले जातात, ते आणि तिरुप्पुल्लाणीचं विष्णूचं देऊळ, हे दोन्ही होतं.

निघताना वाळू

काशीची यात्रा रामेश्वरला पुरी होते आणि रामेश्वरची काशीला, असं आपल्याकडची मोठी माणसं म्हणतात. इकडची वाळू प्रयागला नेऊन संगमात सोडायची. धनुष्कोडीला पूजा करून वाळू घेतात, गुरुजी असले तर ते सांगतात, नसले तर नमस्कार करून मूठभर घ्या, मूठभरच. पूर्ण वाळवून मगच पिशवीत भरा, ओली भरली तर वास येतो आणि कापड कुजतं. आम्ही जाड सुती कापडाची छोटी थैली शिवून नेली होती. घरी आल्यावर मावंदं घातलं, शेजारीपाजारी जेवून गेले, आणि आईने ती थैली गडू होता त्याच जागी देवघरात ठेवली. त्यावर पेनाने लिहिलंय, प्रयाग. माघात जायचं ठरतंय, तिकिटं काढायची आहेत.